रद्द कागदांवरची चितारीण

"ती बाई हात कुठी ठेवते, ते सांगा पयले."

कुठल्याही बाईची गोष्ट निघाली की आमच्या शेजारच्या वहिनी हेच विचारत. बांधकामावर टोपल्या वाहणारी रेजा असो की बाजारात भांडणारी कुणी, हात कळल्याशिवाय त्यांना बाई दिसायचीच नाही. भिलाईच्या कँप-एक वसाहतीत आमची भिंतीला भिंत. त्यांचे यजमान पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये फिटर. भिलाईत तेव्हा जो तो काहीतरी उभारत होता. वहिनी कादंबरी उभारत होत्या. भोसल्यांच्या काळातली नागपूरची एक चितारीण, जिची चित्रं नवऱ्याच्या नावावर खपत.

वहिनींचं शिक्षण चौथी. पण भंडाऱ्याकडून आलेल्या एकेका म्हातारीला धरून, पूर्वी रंग कसे कुटत ते विचारून घेत. कुणी हसलं तर म्हणत, "हासा बापा. राजाचं लिवाले बहुत लोक हायेत."

कागद माझे. म्हणजे कारखान्याचे. मी ड्रॉइंग ऑफिसात कारकून, रद्द झालेले नकाशे जाळायचं काम माझ्याकडे. एका बाजूला भट्टीचे नळ, दुसरी बाजू कोरी. मी ते वहिनींना देई आणि रजिस्टरात 'नष्ट केले' लिहून सही ठोके. वर उपकार केल्याचा तोराही मिरवी.

एके दिवशी ऑफिसात आवई उठली, नकाशे बाहेर गेलेत म्हणे, उद्या तपासणी आहे. माझी पाचावर धारण बसली. सुटल्यावर थेट त्यांच्या दारात गेलो.

"वहिनी, ते सारे कागद आत्ताच जाळा."

"कावून? का झालं?"

"माही नोकरी जाईन."

"दोन दिवस द्या ना भाऊजी. वहीत उतरवून घेऊ द्या मले."

"दोन घंटे बी नाही जमत," मी म्हणालो.

त्यांनी सिगडी अंगणात आणली. त्या एकेक कागद घालत होत्या आणि एखादा मागे तर राहत नाही ना, हे बघत मी उभा होतो. तीन वर्षांचं लिखाण होतं ते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रजिस्टर उघडलं, माझ्या सहीवरून बोट फिरवलं आणि पान उलटलं. एवढीच तपासणी. मला लाज वाटायला हवी होती. वाटलं ते हायसं.

आठवड्याने वहिनी नवी वही घेऊन आल्या आणि जमिनीवर बसल्या. "तुमी त सारी वाचली हाये, भाऊजी. आठवन तसं सांगा. मले लिवून घेऊ द्या."

त्या तीन वर्षांत दर रविवारी त्या मला लिहिलेले कागद वाचायला देत आणि मी "छान जमलंय" म्हणून परत करी. कुणाला बोललो नाही, तुम्हाला सांगतो. मी एक ओळही वाचली नव्हती. मागे 'रद्द'चा शिक्का आहे ना, तेवढं बघत असे.

"सुरुवात कशी व्हती?" त्यांनी विचारलं. "छान जमली होती," मी म्हणालो. त्यावरून त्यांना कळलं. "राहू द्या," म्हणून त्या वही घेऊन गेल्या.

पुढे यजमानांची बदली नंदिनीच्या चुनखडी खाणीवर झाली. सामान ट्रकवर चढत होतं तेव्हा मी ड्यूटीचं निमित्त करून बाहेर पडलो. त्या चितारणीचं नाव वहिनींनी काय ठेवलं होतं, तेसुद्धा मला माहीत नाही.