लिफ्टपर्यंत सोडणाऱ्या ताई

दार न ठोठावता उघडायचं, आत फक्त मान घालायची आणि एक बोट वर करून विचारायचं, "होय की नाय?" उमेदवाराची खुर्ची अजून गरम असायची, आम्ही मुलाखत घेणारे पाय ताणून चहाकडे वळलेलो असायचो, आणि दारात हे बोट.

"ताई, जरा विचार करू द्या ना."

"तासभर काय करत होतास? पोरगं बाहेर बसलंय. होय की नाय?"

अंधेरी पूर्वेच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत ताई भरतीचं काम बघायच्या. उमेदवारांना फोन करायचा, कागदपत्रं तपासायची, त्यांना आमच्यासमोर आणून बसवायचं. मूळच्या मालवणकडच्या, राहायला भांडुपला. प्रोग्रॅमिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी आम्हा सगळ्यांना धाक त्यांचाच.

तुम्ही कधी नोकरीसाठी मुलाखत दिली असेल, तर "कळवतो" हा शब्द तुमच्या ओळखीचा असेल. कळवतो म्हणणारा कधीच कळवत नाही. ताईंना या शब्दाचा भयंकर राग. माणूस इमारतीबाहेर पडायच्या आत त्याला उत्तर मिळालंच पाहिजे, आणि ते 'नाही' असेल तर कारणासकट, हा त्यांनी स्वतःच केलेला नियम. त्या उमेदवाराला लिफ्टपर्यंत सोडायला जायच्या आणि लिफ्टची वाट बघताना सांगून टाकायच्या. "बाळा, आज नाही जमलं. डेटाबेस कच्चा आहे म्हणतात. तेवढं पक्कं कर." एक-दोघं रडली. एक जण भांडला. बाकीचे थँक्यू म्हणून गेले.

एकदा मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कंपनीच्या वातावरणात बसणार नाही'. ताई कागद घेऊन उलट पावली आल्या. "म्हणजे काय रे? त्याने घरी जाऊन आईला काय सांगायचं? वातावरणात बसलो नाही?"

मी मुलाखत घ्यायचो म्हणजे नाटकच करायचो. बाह्या सरसावून फळ्यावर एक कोडं मांडायचं, खिडकीशी पाठमोरं उभं राहायचं आणि "घाई नाही" असं अशा आवाजात म्हणायचं की समोरच्याला घामच फुटावा. एकदा घाटकोपरची एक मुलगी आली. फळ्याकडे मिनिटभर बघून म्हणाली, "सर, याचं उत्तरच येत नाही. दुसऱ्या ओळीत आकडा चुकलाय." मी उतरवताना खरंच चुकलो होतो. पण कबूल कसं करणार? दहा मिनिटं पुसापुशी केली, वाद घातला आणि शेरा मारला, 'तर्क कच्चा'.

दारात बोट आलं. शेरा वाचून खाली गेलं.

"काचेतून बघत होते मी. पुसत तूच होतास, ती नाही. मेल्या, माका खरा काय ता सांग."

मी सांगितलं. मुलगी तोवर वाट न बघता लिफ्टने खाली गेली होती. ताई साडी सावरत चार मजले जिन्याने उतरल्या, गेटवर तिला गाठलं आणि सिक्युरिटीवाल्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चल वर. साहेबांचं गणित चुकलं होतं." ती मुलगी आज एक टीम सांभाळते. वर्षभर मी कँटीनमध्ये दिसलो की कोणीतरी माझ्या गणिताची चौकशी करायचं.

चार लोक जमले की मी ही गोष्ट साभिनय सांगतो. जिना उतरतानाच्या ताई तर मी झकास करतो. लोक हसून लोळतात आणि मी तिथेच थांबतो. पुढचं कोणालाच सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. नव्या मालकांचं फर्मान निघालं: प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या खुर्चीसाठी पुन्हा मुलाखत द्यायची. मी पास झालो, आणि बक्षीस म्हणून मला इतरांच्या मुलाखती घ्यायला बसवलं. ताईंची चार वाजता होती. सकाळी दहालाच माझ्या हातात यादी आली. ताईंच्या नावापुढे लिहिलं होतं की हे काम यापुढे कॉम्प्युटर करेल, उमेदवारांना मेल आपोआप जातील. मुलाखत नुसती उपचारापुरती.

दुपारी ताई डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तू असशील ना रे आत?"

"आहे ना."

"मग बरं. माझी चार वर्षं राहिलीत निवृत्तीला. ही नोकरी गेली तर या वयात मला दुसरं कोण दारात उभं करणार?"

"टेन्शन घेऊ नका हो ताई. मस्त होईल." असं म्हणून मी त्यांच्या डब्यातला तळलेला बांगडा खाल्ला. आवडला, असंही सांगितलं.

चार वाजता ताई आल्या. इस्त्रीची साडी, मांडीवर फाईल. नव्या कंपनीचा माणूस समोर स्क्रीनवर होता. मी कागदावरचा पहिला प्रश्न वाचला, "स्वतःबद्दल थोडं सांगा."

अठरा वर्षं एका मजल्यावर काढलेली आम्ही माणसं. ताईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग त्या खरोखरच नाव, गाव, शिक्षण असं सांगू लागल्या. मला "सर" म्हणाल्या, "तुम्ही" म्हणाल्या. स्क्रीनवरच्या माणसासमोर माझा मान राखत होत्या. तुमचा विशेष गुण कोणता, यावर म्हणाल्या, "मी कोणाला ताटकळत ठेवत नाही, सर." मी सवयीने एक विनोद केला. त्या हसल्यासुद्धा.

स्क्रीन बंद झाली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. ताई पुढे वाकल्या आणि अगदी हळू विचारलं, "होय की नाय रे?"

उत्तर सकाळपासून माझ्या खिशात होतं. कारणासकट.

"कळवतो, ताई," मी म्हणालो.

त्यांनी मांडीवरची फाईल बंद केली. मग "बरं" म्हणून फाईल उचलली आणि गेल्या. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. नऊ दिवसांनी त्यांना मेल गेला. त्याच्या तळाशी होतं, 'कृपया या मेलला उत्तर देऊ नये.' त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती.

दोन महिन्यांपूर्वी एका बारशाला भांडुपला गेलो होतो. बाजारात समोरून ताई येताना दिसल्या, हातात भाजीची पिशवी. "ताई, मला सकाळपासून माहीत होतं," एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. रंगमंचावर खाकरतात तसा घसा खाकरला, आणि दुसऱ्या क्षणी मी एका दुकानाबाहेरच्या प्लास्टिकच्या बादल्यांमागे होतो. माझा देह बादल्यांमागे मावणारा नाही.

"काय पाहिजे, शेठ?" दुकानदाराने मोठ्याने विचारलं.

ताईंनी बघितलं. आमची नजरानजर झाली, यात शंका नाही. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडला. पलीकडे एकही दुकान नव्हतं, नुसती लांबलचक भिंत आणि रणरणतं ऊन. मला बाहेर पडता यावं म्हणून ताई त्या उन्हातून, माझ्याकडे मान न वळवता, सावकाश चालत गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्या तरी मी बराच वेळ तिथेच वाकून उभा होतो.