दारात चेंगरलेली वायर

काकूंचा दिवस एका आकड्याने सुरू व्हायचा. व्हिडिओखाली दिसणाऱ्या ओळी टाइप करून द्यायचं त्यांचं काम, तेही घरबसल्या. कंपनीचा नियम असा, की कॉम्प्युटर वायरनेच जोडलेला हवा आणि काम हातात घेण्याआधी त्या जोडणीचा वेग तपासून कळवायला हवा. काकू सेटिंगमध्ये जायच्या, नेटवर्कच्या पानावर खाली सरकायच्या आणि आजाऱ्याचा ताप बघावा तसा तो आकडा बघायच्या. हजार दिसला तर काम त्यांचं. शंभर दिसला तर व्हिडिओ उतरायला फार वेळ लागायचा आणि ते काम दुसऱ्या कुणाकडे जायचं. नवरा गेल्यापासून घर याच कामावर चाललं होतं.

घरात दुसरा माणूस म्हणजे मुलगा. काकू त्याला राजा म्हणायच्या, आणि त्याने ते फारच मनावर घेतलं होतं. कारखान्यात मुकादमाला पाना फेकून मारला म्हणून नोकरी गेली. तेव्हापासून हे महाराज बाहेरच्या खोलीत राउटरशेजारी ठाण मांडून गेम खेळत बसायचे. हरला की दोष आईचा. "तुझे व्हिडिओ उतरतात म्हणून माझा गेम अडकतो!" पहिल्यांदा त्याने कीबोर्ड भिंतीवर फोडला. मग दंडाला धरून काकूंनाच कपाटावर आपटलं. एकदा हेडफोनची वायर त्यांच्या गळ्याभोवती आवळली आणि डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा सोडली. नंतर रडला, पाय धरले. असलं रडणं काय चाटायचंय? पण काकू विरघळायच्या. शेजारणीने गळ्यावरचा वळ विचारला तर "काहीतरी पुरळ आलंय" म्हणायच्या. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

धाकट्या बहिणीला मात्र फोनवर नुसत्या आवाजावरून कळलं.

"ताई, पोलिसांना सांग."

"वेडी आहेस का? आत टाकतील गं त्याला."

"मग निदान आतून कडी तरी घालत जा."

काकू कडी घालायला लागल्या. तो शिव्या देत उठला की त्या आपल्या खोलीचं दार ओढून घ्यायच्या, कडी सरकवायच्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या. बाहेरून लाथा बसायच्या. दार हादरलं की काकूंचे दात एकमेकांवर आपटायचे. दुसऱ्या दिवशी आकडा बघावा तर शंभर! नवी वायर आणली, चार दिवस हजार दिसलं, पुन्हा एक भांडण झालं आणि पुन्हा शंभर. कंपनीच्या बाईंनी शेवटी निक्षून सांगितलं, "काकू, आणखी एकदा शंभर दिसलं तर तुमचं काम बंद करावं लागेल."

राजा बाहेर गेलेला बघून काकूंनी वायरमनला बोलावलं. त्याने वायर बोटांतून सरकवत नेली आणि दाराच्या चौकटीशी थांबला.

"काकू, ही इथे दारात चेंगरतेय. हिच्या पोटात आठ तारा असतात. हजाराला आठही लागतात. एखादी तुटली की कॉम्प्युटर गुपचूप चारांवर भागवतो, म्हणजे शंभरावर येतो. बंद पडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. दार उघडं ठेवा, काही होणार नाही."

"दार उघडं नाही ठेवता येत," काकू म्हणाल्या.

"का बरं?"

वायरमनची नजर दाराच्या बाहेरच्या अंगावर गेली. खालची फळी चिरली होती आणि तिच्यावर बुटाचे ठसे एकावर एक उमटले होते. त्याने पुढे विचारलं नाही. "मग चौकटीशेजारी भिंतीला भोक पाडू," एवढंच म्हणाला. नवी वायर भिंतीतून आत आली. काकूंनी त्याच्यासमोरच दार लावलं, कडी घातली आणि आकडा बघितला. हजार! त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्या एकट्याच हसल्या.

संध्याकाळी राजा आला. त्याने भोक बघितलं, बंद दार बघितलं आणि काय समजायचं ते समजला. "म्हणजे आता तू कायम आतच बसणार? माझ्याच घरात मला दार बंद?" पहिली लाथ चिरलेल्या फळीवर बसली. मग त्याने स्टूल उचलून दारावर घातलं. पुन्हा घातलं. फळीचा तुकडा आत उडून काकूंच्या भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात उतरलं. "बाहेर ये! आज तुला जिवंत सोडत नाही!" कडीचा स्क्रू निसटून फरशीवर पडला. काकूंनी टेबल ढकलून दाराला लावलं. पुढच्या घावाबरोबर टेबलाची कड त्यांच्या बरगडीत घुसली आणि त्यांना श्वास घेता येईना.

मग एकदम सगळं थांबलं. भिंतीतल्या भोकातून आवाज आला, अगदी जवळून, लहान मुलासारखा.

"आई, पायाला लागलंय गं. खूप रक्त येतंय. उघड ना."

पोरगं शाळेतून गुडघा फोडून यायचं तेव्हाही असंच म्हणायचं. त्यांनी टेबल बाजूला ओढायला हात घातला, खाली वाकल्या, आणि फुटलेल्या फळीतून त्यांना बाहेरचं दिसलं. त्याचे दोन्ही पाय बुटांत धडधाकट उभे होते. रक्ताचा थेंब नव्हता. बाजूला लोंबणाऱ्या हाताच्या मुठीत स्टुलाचा मोडलेला पाय होता, घट्ट धरलेला.

काकूंनी टेबल होतं तिथेच राहू दिलं आणि पोलिसांना फोन लावला.

"माझं दार तोडतायत. मला मारून टाकतील."

"कोण तोडतंय?"

काकूंनी डोळ्यात उतरलेलं रक्त पदराने पुसलं.

"बाई, लवकर सांगा. ओळखीचं कुणी आहे का?"

"माझा मुलगा आहे," काकू म्हणाल्या. मारणारा कोण, हे त्या परक्या माणसाला आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

भोकातून पुन्हा आवाज आला.

"आई? तू माझं नाव सांगितलंस?"

"हो राजा," काकू म्हणाल्या, आणि रडत रडत फोनवर घराचा पत्ता सांगायला लागल्या.