चार किलोमीटर कमी

‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ असं कुणी सहज विचारलं, की माझ्या नाकात सुक्या पेंढ्याचा वास येतो. आमच्या गावच्या, म्हशाच्या जत्रेत बैलानं आईच्या पोटात ढुशी मारली होती. कल्याणचं हॉस्पिटल चाळीस किलोमीटर आणि त्या दिवशी पंप बंद. दारात शेजाऱ्याची जीप होती, मामाची छोटी मोटार होती. मी खडूनं जीपच्या बॉनेटवरच गणित मांडलं. जीपमध्ये चार लिटर डिझेल, लिटरला नऊ, म्हणजे छत्तीस; मोटारीत तीन लिटर पेट्रोल, लिटरला चौदा, म्हणजे बेचाळीस. शेजाऱ्यानं तोवर जीपमध्ये जाड पेंढा अंथरला होता. तो म्हणाला, “चार किलोमीटरला कोन पन भेटंल रे, आईला आडवी नेऊ.” मी खेकसलो, “भेटंल म्हणून चालत नाय, हिशेब हाय!” मोटारीत पाय पसरायलाही जागा नव्हती. आम्हा दोघा भावांच्या मधे अवघडून बसलेली आई वाटेतलं मुरबाड सोडल्यापासून एकच म्हणत होती, “मला जरा आडवी करा रे.” शेवटी कल्याणला स्ट्रेचरवर आडवी केली, तेव्हा ती काहीच म्हणत नव्हती. टाकीत पेट्रोल उरलं होतं. तो हिशेब मी अजून तपासतो, आणि दर वेळी तो बरोबरच येतो.