एक्स प्लस जालन्याकडं

मशीन शॉपमध्ये दोन गोष्टी रोज साठतात, लोखंडाचा चुरा आणि किस्से. चुरा भंगारवाला उचलतो हो, किस्से कोण उचलणार? आमच्या शेंद्रा एमआयडीसीतल्या शॉपमधले निम्मे तर माझ्याच नावावर आहेत!

मी तिथं ट्रेनी. कॉम्प्युटरवर चालणारं मशीन लोखंडाचा ठोकळा कापतं. कापणारं टूल कुठं न्यायचं ते आपण सांगायचं. आडवं एक्स, आत-बाहेर वाय, खाली-वर झेड. प्रत्येकाला प्लस आणि मायनस. एवढंच! ह्या एवढ्यात माझा सहा महिने भुगा झाला.

*

पहिल्या दिवशी रईसभाईंनी शिकवलं. वीस वर्षं मशीन लावून देणारे सेटर, माणूस लई गोड. "हाथ उघड. अंगठा एक्स, पहिलं बोट वाय, मधलं बोट झेड. बोट जिधर, प्लस उधर!"

माझ्या उजव्या हातात पाना होता, म्हणून मी डावा उघडला. अंगठा उजवीकडं, पहिलं बोट समोर, आणि वर जायचं ते मधलं बोट थेट जमिनीकडं.

रईसभाईंनी बोटाकडं बघितलं, मग फरशीकडं. "बेटा, बोअर मारती क्या? पानी लगा तो बोल!"

*

बोटांचं जमेना, म्हणून त्यांनी सोपं केलं. मशीनसमोर उभं राहिलं की उजव्या हाताला जालना रोडचं गेट. म्हणून एक्स प्लस म्हणजे जालना! ते ओरडायचे, "जालन्याकडं दहा!" मी एक्स प्लस दहा मिलिमीटर दाबायची. महिनाभर झकास चाललं.

मग नवीन मशीन आलं आणि जागेसाठी आमचं मशीन फिरवून उलट्या तोंडानं बसवलं. रईसभाई सवयीनं ओरडले, "जालन्याकडं दहा!" मी गेट आता डावीकडं आहे हे नीट बघून, अगदी खात्री करून मायनस दाबलं. टूल धाडकन ठोकळा धरणाऱ्या क्लॅम्पवर!

"अगं, मशीन का जालना बोला मैं! रोड का नहीं!"

*

एकदा कस्टमरच्या ड्रॉइंगमधला पार्ट स्क्रीनवर आडवा झोपलेला. आम्ही फोन केला. तिकडचा डिझायनर म्हणाला, "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वाय वर असतो."

रईसभाई म्हणाले, "हमारे यहाँ वर पंखा असतो!" आणि फोन ठेवून दिला.

*

घरी वेगळाच ताप. आम्ही फुलंब्रीचे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं, "सहा महिन्यांत पर्मनंट झालीस तर कर नोकरी. नाय तर पावण्यांना व्हय म्हणून टाकतो." मला लग्न नको होतं. मला ते मशीन पाहिजे होतं, कितीही छळलं तरी.

एवढं काय अवघड असतं, असं अण्णांनी विचारलं. मी त्यांना खोलीच्या कोपऱ्यात नेलं. "हा कोपरा म्हणजे शून्य. ह्या भिंतीकडनं एक्स, त्या भिंतीकडनं वाय, वर झेड. आपल्या खोलीत सगळं प्लस."

"आन् मायनस?"

"भिंतीच्या पलीकडं."

पलीकडं चुलत्यांचं घर. बांधावरनं तीन वर्षं बोलणं बंद. अण्णा खूश झाले. "बराबर हाय! शिक्षण चांगलंय तुझं."

*

शेवटी माझी पर्मनंट व्हायची टेस्ट लागली शुक्रवारी. पावणे यायचे रविवारी. कागदावर दोन सह्या पाहिजे होत्या, रईसभाईंची आणि मॅनेजर देशमुख सरांची.

सरांनी एकच प्रश्न विचारला. "एक्स प्लस दाबलं तर हालचाल कुठं?"

डोकं एकदम कोरं. मी हात उघडला, कुठला ते देव जाणे. रईसभाईंना राहवलं नाही. "उजवीकडं, और क्या!"

सर म्हणाले, "डावीकडं."

"साब, बीस साल!"

"रईस, मी रोज बघतो. डावीकडं!"

दोघांचेही हात वर, बोटं ताठ, आवाज चढलेला. ह्या भांडणात सह्या राहिल्या तर रविवारी माझं काय? मी फीड, म्हणजे सरकायचा वेग, एकदम कमी केलं आणि हळूच एक्स प्लस दाबलं.

टूल जागच्या जागी राहिलं. खालचं टेबल जॉबला, म्हणजे कापायच्या ठोकळ्याला, घेऊन डावीकडं सरकलं.

"बघ! डावीकडं!" सर ओरडले.

"टेबल को क्या देखते, साब? जॉब पर देखो! टूल जॉबच्या उजव्या टोकाला आलं का नाय? उजवीकडं!"

दोघंही जिंकलेले. दोघंही एकदम माझ्याकडं वळले. "तू सांग. उत्तर काय?"

मला खरंच काही कळलं नव्हतं.

"तुम्ही म्हणता तेच, सर. आन् रईसभाई म्हणतात तेच."

सरांनी रईसभाईंकडं बघितलं. रईसभाईंनी सरांकडं. मग दोघांनी सह्या केल्या.