भिवंडीच्या दोघी आणि विमानाचं उघडं दार

भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोदामात मी सेफ्टीचं काम बघते. उंच रॅकवर चढणाऱ्या माणसांनी हार्नेस नीट घातलाय का, हूक अडकवलाय का, हे रोज तपासायचं आणि नवीन माणूस आला की त्याला उंचीवर काम कसं करायचं ते शिकवायचं. गंमत अशी की मला स्वतःला उंचीची भीती वाटते. शिकवताना मी खालीच उभी असते, त्यामुळे कुणाला कळत नाही. पण गेल्या पावसाळ्यात वरच्या कप्प्यातला तुटलेला खांब बघायला मला चढावं लागलं. अर्ध्यावर मी रॅकला अशी चिकटून बसले, की लिफ्टची ट्रॉली बोलावून मला खाली उतरवावं लागलं.

त्या संध्याकाळी हे मी रुखसानाला सांगितलं. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो. तिच्या घरचे कापडाचे लूम आहेत आणि भावाबरोबर ती कारखान्याचं ऑफिस सांभाळते. ती म्हणाली, "मग शिकून घे ना नीट. पोहायला नाही का शिकलो आपण, तसं."

"उंचीची भीती घालवायला कुठे क्लास असतो?"

"विमानातून उडी मारायला शिकवतात. मी व्हिडिओ बघितलाय."

ती चेष्टेत बोलली होती. मी मात्र महिनाभर माहिती काढत बसले. शिकायच्या मुख्य पद्धती तीन, एवढं कळलं. टँडममध्ये प्रशिक्षकाच्या पुढे स्वतःला बांधून घ्यायचं, सगळं तोच करतो. स्टॅटिक लाइनमध्ये एकट्याने कमी उंचीवरून उडी मारायची, पण पॅराशूट विमानाला बांधलेल्या पट्ट्याने आपोआप उघडतं. तिसरी एएफएफ. खूप उंचावरून उडी, दोन प्रशिक्षक दोन बाजूंनी धरतात आणि पॅराशूट मात्र आपलं आपण उघडायचं. मी स्टॅटिक लाइन निवडली, कारण मला कुणाला तरी बांधून घेऊन जायचं नव्हतं. रुखसाना सोबत म्हणून निघाली. "आलेच आहे तर एक टँडम मारीन," म्हणाली.

फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला गेलो तेव्हा आमच्या डॉक्टरांनी कारण विचारलं आणि पेन खाली ठेवून दोघींकडे बघत बसले. माझा नवरा विलास एवढंच म्हणाला, "उडी मारायच्या आधी फोन करू नको. मारल्यावर कर."

आपल्याकडे अशी शिबिरं हंगामी असतात. आम्हाला मिळालं ते राजस्थान-हरियाणाच्या सीमेवर, एका लहानशा धावपट्टीवर. मानकोलीहून गाडी करून घोडबंदर रोडने बोरिवली गाठली, तिथून जयपूरची ट्रेन धरली. जयपूरहून कोटपुतलीपर्यंत रस्ता मख्खन आहे. पुढे ट्रकांची रांग लागते, तिथे वेळ धरून निघा. ढाब्यावर बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी खाल्ली. रुखसानाला ती आपल्या भाकरीपेक्षा जाड वाटली, मला आवडली. स्वेटर विसरू नका. आम्ही भिवंडीचा हिवाळा डोक्यात ठेवून गेलो होतो आणि पहिल्याच दिवशी बाजारात जाऊन कानटोप्या घेतल्या.

पहिला अख्खा दिवस जमिनीवरचं शिक्षण. आमच्या प्रशिक्षक मीनाक्षी मॅडम, सैन्यातून निवृत्त झालेल्या, आवाज अगदी हळू. त्यांनी मला एका चौथऱ्यावरून पुन्हा पुन्हा उडी मारायला लावली, पाय जुळवून, गुडघे थोडे वाकवून, पडताना कुशीवर लोळत. दोऱ्यांना पीळ पडला तर काय करायचं, मुख्य पॅराशूट उघडलंच नाही तर दुसरं कसं उघडायचं, हे टांगलेल्या हार्नेसमध्ये लटकून तोंडपाठ करून घेतलं. हे सगळं मला छान जमलं. नियम पाठ करणं हे माझं रोजचंच काम. मॅडम म्हणाल्या, "बहुत बढ़िया, ज्योती." रुखसाना बाजूला खुर्चीत शेंगदाणे खात बघत होती. टँडमवाल्यांचं शिक्षण चहा निवायच्या आत संपतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. धुक्यात आणि वाऱ्यात विमान उडत नाही, तेव्हा अशा सहलीत एक-दोन दिवस हाताशी जास्तीचे ठेवा. ऊन आल्यावर आधी रुखसाना गेली. खाली आली तेव्हा केस सगळे उभे, डोळ्यांतून पाणी. जमिनीवर बसूनच राहिली. "ज्योती, मला काही बोलता येत नाही आत्ता," एवढंच म्हणाली.

मग मी. लहानसं विमान, सीट काढून टाकलेल्या. मी दाराजवळ बसले होते. ठरलेल्या उंचीवर मॅडमनी दार उघडलं आणि गार वारा आत घुसला. मी पाय बाहेर काढले. शिकवल्याप्रमाणे वर, पंखाकडे बघायचं होतं. मी खाली बघितलं. शेतं दिसली, विहीर दिसली, एक ट्रॅक्टर जाताना दिसला. मॅडमनी खांद्यावर थाप मारली. म्हणजे जा. माझा उजवा हात दाराची कड सोडेना. मी त्याला मनातल्या मनात सांगत होते, आणि तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा तिथेच होता. मॅडमनी वाकून माझा चेहरा बघितला, मला आत ओढून घेतलं आणि दार लावलं.

विमान मला घेऊन खाली उतरलं. बाकीचे आभाळातून आले, मी दारातून पायरीवर पाय ठेवून उतरले.

रुखसाना चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अगं, वरपर्यंत गेलीस ना? तेच मोठं आहे."

मला ते सहन झालं नाही. "तुला काय जातंय बोलायला," मी म्हटलं. "तुला कुणीतरी बांधून नेलं होतं."

ती शांतपणे म्हणाली, "हो. बांधूनच नेलं. तूही कुणाला तरी बांधून घे मग. त्यात काय कमीपणा आहे?" आणि चहा माझ्या हातात देऊन निघून गेली.

विलासला फोन केला. उडी मारली नाही असं सांगितलं. तो म्हणाला, "बरं. जेवलीस का?" त्याच्या त्या प्रश्नाने मला रडू आलं.

संध्याकाळी मीनाक्षी मॅडम आल्या. मला वाटलं समजूत घालतील. त्यांनी फक्त विचारलं, "तुमने नीचे क्या देखा?" मी विहीर आणि ट्रॅक्टर सांगितला. त्या म्हणाल्या, स्टॅटिक लाइनची उंची कमी असते, तिथून जमीन ओळखीची दिसते, आणि ओळखीच्या जमिनीवर पडायची भीती जास्त वाटते. काहींना आधी खूप उंच नेलेलं बरं. "कल टँडम करो. उसके बाद सोचेंगे."

तिसऱ्या दिवशी मी टँडम केली. मॅडमनीच मला बांधून घेतलं. विमान खूप वर चढलं, दुपटीहून जास्त, आणि दार उघडल्यावर खाली जे दिसलं ते गाव नव्हतं. हिरव्या-पिवळ्या तुकड्यांची गोधडी होती. माझा हात कडेवर जायच्या आधीच आम्ही बाहेर होतो. पडल्यासारखं वाटतच नाही, हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे. वारा खालून एवढा जोरात दाबतो की आपण त्याच्यावर पालथे झोपलोय असं वाटतं. पॅराशूट उघडल्यावर एकदम शांत. मॅडमनी दिशा द्यायचे दोर माझ्या हातात दिले. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. खाली येईपर्यंत मी ते चालवत होते आणि आपण घाबरलेलो नाही आहोत हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

खर्चाचं सांगायचं तर एका टँडमच्या पैशात दोघींची केरळची सहल झाली असती. विचार करूनच जा.

उतरल्यावर मी रुखसानाला शोधायला गेले, तर ती वर्गात बसलेली. तिने कुणाला न विचारता एएफएफला नाव दिलं होतं. मी शेजारी बसले. "कालचं मनात ठेवू नको," मी म्हटलं.

"ठेवलंय थोडं," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत जाईल." आणि फळ्याकडे बघायला लागली.

चौथा दिवस शेवटचा. सकाळी रुखसानाची उडी. तिच्या मनगटावर उंची दाखवणारं यंत्र बांधलेलं, घड्याळासारखं. दर थोड्या वेळाने ते बघायचं आणि ठरलेल्या उंचीवर पॅराशूट स्वतः उघडायचं, हा त्या उडीचा सगळा धडा. तिने विमानातून उडी अगदी झकास मारली, असं दोन्ही प्रशिक्षक म्हणाले. मग ती पसरली हातपाय सोडून आणि बघत बसली. यंत्राकडे तिने एकदाही बघितलं नाही. एका प्रशिक्षकाने बोटाने खूण केली, ती तिने बघितली आणि हसली. शेवटी त्यानेच तिचं पॅराशूट उघडलं.

"नापास," खाली आल्यावर तिने सांगितलं. "पुन्हा तीच पायरी करायची म्हणाले. आज जागा नाही आणि उद्या आपली गाडी आहे."

"यंत्राकडे का नाही बघितलंस?"

"विसरले. भीतीच नाही वाटली गं. सूर्य बघत होते." ती हसत नव्हती. "त्या सरांनी मला विचारलं, मी नसतो तर?"

दुपारी वारा जरा कमी झाल्यावर स्टॅटिक लाइनसाठी पुन्हा माझं नाव पुकारलं. दार उघडलं, पाय बाहेर काढले. मी पंखाकडे बघत राहिले. थाप पडली आणि हात सुटला.

वर बघितलं तर पॅराशूट उघडलेलं, पण दोऱ्यांना पीळ पडलेला आणि मी त्याच्याखाली गोल फिरतेय. तेव्हा मला भीती वाटली, चांगलीच. पण हात कामाला लागले होते. खांद्यावरचे दोन्ही पट्टे बाजूला ओढले, सायकल मारल्यासारखे पाय झाडले. पीळ एकेक करून सुटला. कानातल्या रेडिओवर खालून आवाज आला, "शाबाश, लाल हेल्मेट. अब दाएँ." मी एकटी होते, आभाळात. आजूबाजूला कुणीही नव्हतं. हे लिहिताना आत्ताही अंगावर काटा येतो.

उतरताना वाऱ्याने मला धावपट्टीच्या पलीकडे नेलं. मोहरीच्या शेतात, पिवळ्या फुलांत कुशीवर पडले. डावा घोटा थोडा मुरगळला. चारा कापणारी एक बाई विळा तसाच हातात धरून आली.

"चोट तो कोनी लागी?"

"नहीं, ठीक है."

"कित तै आई सै?"

"महाराष्ट्र से."

तिने मला वरून खालपर्यंत बघितलं. "इत्ती दूर तै कूदण आई?" मग विळा खोचला आणि पॅराशूट गोळा करायला माझ्याबरोबर वाकली. तिच्या मोहरीची थोडी नासधूस झाली होती. मी माफी मागितली, ती म्हणाली मोहरी उठेल, तू आधी उठ. तेवढ्यात जीप आली. मागे रुखसाना उभी होती, एका हाताने दांडी धरून. खाली उतरून तिने मला घट्ट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

विलासला फोन लावला. तो "बरं" म्हणाला, आणि मग पुन्हा एकदा "बरं".

ज्यांना विचार करायचाय त्यांना माझं एवढंच सांगणं: फक्त अनुभव हवा असेल तर टँडम. खरंच शिकायचं असेल तरी आधी एक टँडम कराच, आणि मग स्वतःचा स्वभाव बघून ठरवा. माझ्यासारख्या नियम पाठ करणाऱ्यांना स्टॅटिक लाइन सोपी जाईल असं वाटतं, तसं होईलच असं नाही. रुखसानासारख्यांनी एएफएफ करावं, पण घाई करू नये. आणि संस्थेला परवानगी आहे का, हे पैसे भरायच्या आधी स्वतः तपासा.

परत आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही दोघी वज्रेश्वरीला गेलो. घोट्याला गरम कुंडाचं पाणी बरं, असं सासूबाईंचं म्हणणं. त्या अंबाडीजवळच्या गावी राहतात, त्यांनाही गाडीत घेतलं. कुंडाच्या पायरीवर तिघी पाय सोडून बसलो. त्यांनी सगळी हकिकत पहिल्यापासून ऐकून घेतली.

"भ्या वाटला?" त्यांनी मला विचारलं.

"वाटली. दोन्ही वेळा."

"आनि तुला गं?"

"मला नाही वाटली, आई," रुखसाना म्हणाली. "मी पुढच्या हिवाळ्यात परत जाणार. राहिलेलं पूर्ण करायचंय."

"तू?"

मी म्हटलं, "माझं झालं. मला पुरे."

सासूबाईंनी पाण्यात पाय हलवले. "न्हाय," त्या म्हणाल्या. "तू बी जा. जिला भ्या वाटत न्हाय, तिच्यासंगती भ्यानारं कुनीतरी पायजे."

रुखसाना हसायला लागली, मग थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेल्यावर मी पुढच्या हिवाळ्यातल्या रजेचा अर्ज टाकला. उडी मारीन की खाली उभी राहून तिच्या मनगटावरच्या यंत्राची काळजी करीन, ते अजून ठरवलेलं नाही.