कुडपणात झालेलं इंग्रजी नाटक

महाडच्या कॉलेजात मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं एकच जुनं शोकनाटक शिकवलं. चारशे वर्षांपूर्वीचं. एक विधवा सरदारीण आपल्या कारभाऱ्याशी गुपचूप लग्न करते आणि भाऊ त्यापायी तिचा जीव घेतात. मुलांना ते परीक्षेपुरतं हवं असायचं. मी मात्र रंगात येऊन सांगायचे, की पुढे कुणी तिला आजच्या ऑफिसच्या कपड्यांत उभं केलं, कुणी तिच्या भावांना लष्करी गणवेश चढवले, कुणी तिचं चित्र काढताना नुसती रिकामी खुर्ची रंगवली. तास संपल्याची घंटा झाली की वर्ग उठून जायचा.

निवृत्त झाल्यावर तेही थांबलं. नवरा जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा माझी पुस्तकं गेली, त्यात खुणा केलेली ती प्रतही गेली. मग असे दिवस यायला लागले, की सकाळी दूधवाल्याला “उद्या अर्धाच लिटर” म्हटलं की त्यानंतर तोंड उघडायचं काम नसायचं.

अशातच एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पोलादपूरच्या वर, कुडपणचा मुलगा. आता मुंबईत बँकेत आहे. मे महिन्यात सगळे मुंबईकर गावी आले की पूजेला नाटक असतं.

“मॅडम, दरवर्षी तेच ते ऐतिहासिक करून कंटाळलोय,” तो म्हणाला. “तुम्ही शिकवायचात ना, ते विधवेचं... ते मराठीत लिहून द्याल?”

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की माझी मलाच लाज वाटली.

पुस्तक हाताशी नव्हतं, म्हणून आठवेल तसं लिहिलं. सरदारीण झाली इनामदाराची सून, कारभारी झाला दिवाणजी, दोन भावांचा एकच केला. भावाचं काम माझा विद्यार्थी करणार होता. विधवेचं काम करायला गावात बाई तयार होईना. पन्नाशीचा एक शेतकरी पुढे आला. तो पूर्वीपासून बायकांची कामं करायचा. मी त्याला सांगितलं, की हे नाटक पहिल्यांदा झालं तेव्हाही तिचं काम पुरुषानेच केलं होतं.

“मग आपलं बरोबरच हाय की,” तो म्हणाला.

तालमीसाठी मी आठवड्यातून दोनदा एसटीने वर जायचे. शेवटचा प्रवेश वाचून दाखवला तेव्हा त्या शेतकऱ्याने विचारलं,

“बाई, तिला मारायला कशाला पायजे?”

“शोकनाटक आहे ते. मुळात तिचा गळा आवळतात.”

“आपल्यात कोन गळा आवळतो? भाऊ दार लावून घेतो. तेवढ्यानं माणूस संपतो.”

मी वाद घातला. मूळ नाटकाला धक्का लावायचा नाही, असं मला वाटत होतं. पण घरी येऊन लिहायला बसले तर त्याचं म्हणणं पटलं. मी शेवट बदलला: ती माहेरच्या दारात येते, भाऊ आतून कडी लावतो. बाहेर उभ्या राहिलेल्या तिच्या तोंडी मी दीड पानाचं भाषण घातलं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. विद्यार्थी हवालदिल झाला. मी म्हटलं, दुपारी करा; त्या काळी तिकडे उजेडातच नाटकं व्हायची. म्हणून चार वाजता, देवळापुढच्या सपाटीवर, उन्हात पडदा उघडला. बघणाऱ्यांची तोंडं नटांना दिसत होती आणि नटांची भुवई हलली तरी बघणाऱ्यांना कळत होतं.

शेवटचा प्रवेश आला. मिशी काढलेला, नऊवारीतला तो माणूस दारासमोर उभा राहिला. दीड पानातलं एकही वाक्य तो बोलला नाही. दारावर हात ठेवून हळूच म्हणाला,

“दादा, मी हाय रे. घरात नको घेऊस. पानी तरी दे.”

मग बायकांमधून एक म्हातारी उठली. त्याची आई होती ती, तालमीच्या वेळी मला चहा करून द्यायची.

“उघड रे दार!” ती ओरडली. “उघड! ती कवाची उभी हाय!”

दारामागे कडी धरून उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने विंगेत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. कडी काढू का, असं तो डोळ्यांनी विचारत होता. मी मान हलवली. नको. दार बंदच राहिलं आणि पडदा पडला.

नंतर विद्यार्थ्यानेच मला सांगितलं. त्या शेतकऱ्याची धाकटी बहीण तरुणपणी विधवा झाली होती. तिने मुंबईत दुसरं लग्न केलं आणि एकदा माहेरी आली, तेव्हा यानेच दार लावून घेतलं होतं. आई आत बसली होती. बहिणीने पाणी मागितलं होतं.

मी त्याला शोधत गेले. तो विहिरीपाशी तोंडाचा रंग धूत होता.

“मी उघडू द्यायला हवं होतं,” मी म्हटलं.

“नाय बाई. तवा कुठं उघडलं मी? आज उघडलं असतं तर खोटं झालं असतं.”

एसटीत बसल्यावर मात्र मला रडू आलं. नवरा गेल्यानंतर चार वर्षांनी आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी मला लग्नाचं विचारलं होतं. माझा भाऊ म्हणाला, लोक काय म्हणतील. त्याने मला कुठे कोंडलं नाही की धमकावलं नाही. एवढं एक वाक्य बोलला आणि मी नकार कळवून टाकला. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्या सरदारणीच्या धैर्यावर तासभर बोलले.

प्राध्यापक पुढे बदली घेऊन गेले. घरी पोचल्यावर मी जुन्या डायरीतला त्यांचा नंबर लावून पाहिला. तो आता अस्तित्वात नव्हता. दुसरीकडून मिळवता आला असता, पण मिळवून काय बोलणार, हे मला सुचेना.

दिवाळीत त्या शेतकऱ्याचा फोन आला. आईला घेऊन तो बहिणीकडे गेला होता. बहीण दारातच थांबली, मग आत जाऊन दोन पेले पाणी घेऊन आली. आई तिच्याकडे राहिली आहे. त्याच्याशी बहीण अजून नीट बोलत नाही.

“तुम्ही कशा हाव, बाई?”

“बरी आहे,” मी म्हटलं.

त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं बहुतेक, मलाही. पण वर कुडपणात रेंज जाते. फोन कट झाला. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग एकटीपुरता भात लावला.