बाबांचा खुलासा

मुलुंडच्या आमच्या चाळीत इंग्रजी अर्ज लिहिण्याचं खातं माझ्याकडे होतं. वासरात लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. मी मराठी शाळेतून अकरावीला गेले होते आणि दहावीला इंग्रजीत बरे मार्क होते, एवढीच माझी लायकी. पण कुणाला रजा हवी, कुणाचा गॅस अडला, कुणाला मुलाच्या शाळेतून दाखला हवा, की माणूस फुलस्केप घेऊन आमच्या दारात उभा. समोरचा आपली हकिकत सांगायचा, सांगता सांगता कधी रडायचा, आणि मी तोवर मनात ठरवलेली चार वाक्यं उतरवून मोकळी व्हायचे. ती वाक्यं माझ्या पत्रांच्या गाइडमधली होती. मी आपणांस नम्रपणे कळवू इच्छिते, झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे, यापुढे असे होणार नाही. लोक खूश असायचे. कागदावर काय लिहिलंय ते वाचता कुणाला येत होतं?

बाबा घाटकोपरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. शिक्षण सातवी, पण लॅबची चावी बावीस वर्षं त्यांच्याकडे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती घरी खिळ्याला लटकायची आणि तिला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. काचेच्या पेटीतला नाजूक वजनकाटा ते स्वतः पुसायचे. नव्या मुलांना ते सांगायचे, याच्यासमोर शिंकू नका रे.

एका सोमवारी तो काटा फुटलेला सापडला. शनिवारी दुपारी एक सर प्रोजेक्टसाठी चावी मागून घेऊन गेले होते आणि त्यांनी ती संध्याकाळी परत आणून दिली होती. बाबांना मेमो मिळाला. निष्काळजीपणाबद्दल दोन दिवसांत लेखी खुलासा द्या, आणि कॉलेजच्या रिवाजाप्रमाणे तो इंग्रजीत.

बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर पाटावर बसले. शाळेतल्या मुलासारखे, अगदी ताठ. मी विचारलं, "त्या सरांचं नाव लिहू ना?"

"नाव नको. तेंची नोकरी नवीन आसा," बाबा म्हणाले. "माका साहेबाक एकच इचारुचा आसा. बावीस वर्सां चावी माझ्याकडे. मेमो काढूच्या आधी एकान तरी माका बोलवून इचारल्यान काय, बाबा रे, काय झाला ता? बस. येवढाच लिव."

एवढंच. मी ते करून पाहिलं, खोटं नाही सांगत. पहिलं वाक्य इतकं उद्धट वाटलं की खोडलं. दुसरं रडगाणं वाटलं, तेही खोडलं. बाबांच्या बोलण्यात राग होता, पण राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं, आणि ते इंग्रजीत कसं न्यायचं ते मला कळेना. गाइड पुन्हा चाळलं. त्यातल्या एकाही पत्रात लहान माणसाने मोठ्या माणसाला प्रश्न विचारलेला नव्हता. तिथे लहान माणूस फक्त विनंती करायचा, नाहीतर माफी मागायचा.

मला हे जमत नाही, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. चाळीत सायन्सला गेलेला एक मुलगा होता, त्याला विचारता आलं असतं. पण माझा तोरा आड आला. मी नवा कागद घेतला आणि माझी ती घोटलेली वाक्यं सुवाच्य अक्षरात उतरवली. झाल्या प्रकाराबद्दल बाबा मनापासून दिलगीर होते. यापुढे ते अधिक काळजी घेणार होते. साहेबांनी मोठ्या मनाने क्षमा करावी, अशी त्यांची नम्र विनंती होती.

बाबांनी सही करायला पेन उघडलं आणि थांबले. "माझो प्रश्न घातलंस मा?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी मराठीत सही केली, अक्षर न् अक्षर जपून.

पंधरा दिवसांनी निकाल आला. कर्मचाऱ्याने चूक कबूल केली आहे, सबब सौम्य कारवाई. चावी काढून घेतली आणि बाबांना लायब्ररीच्या दारात बसवलं, मुलांच्या बॅगा ठेवून बिल्ले द्यायला. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच बसले. घरातला खिळा तसाच राहिला, पुढे आईने त्याला कॅलेंडर लावलं. बाबा मात्र चाळभर सांगत फिरायचे की पोरीने असं इंग्रजी लिहिलं म्हणून नोकरी वाचली. ते असं सांगू लागले की मी काहीतरी निमित्त काढून आत जायचे.

मी त्यांना खरं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, यातच वर्षं गेली. आता मी अंधेरीच्या एका ऑफिसात लोकांचे इंग्रजी मेल दुरुस्त करते. कुणी पोटतिडकीने लिहितं, मला आधी का सांगितलं नाही? मी ते कापून गुळगुळीत करून देते. पगार त्याचाच मिळतो, आणि लाज वाटते ती वेगळी.

बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांचे कागद आवरताना आईने एक फाइल पुढे केली. त्यात तो खुलासा होता, झेरॉक्स काढून लॅमिनेट केलेला. रेशनकार्डालासुद्धा आमच्याकडे हा मान मिळाला नव्हता. मला राहवलं नाही. मी आईला सगळं सांगून टाकलं, की यात त्यांचा प्रश्न नाहीच, उलट माफी आहे, मी त्यांना फसवलं.

आई फाइलीवरची धूळ पदराने पुसत राहिली. मग म्हणाली, "हेंका म्हायत होता."

"कधीपासून?"

"कागद ऑफिसात देवच्या आधीच. ऑफिसातल्या क्लार्कान वाचून दाखवल्यान. तो म्हणालो, ह्यात तुम्ही गुन्हो कबूल केलास, थांबा, मी दुसरो लिवन दितंय. तर हे म्हणाले, माझ्या चेडवाच्या इंग्लिशीत चूक नाय. ह्योच घे. घराक येवन माका म्हणाले, तिका सांगू नको. परत कोणाचा लिवूक घेवची नाय."

मी तो कागद खिडकीपाशी नेला आणि धंद्याच्या सवयीने वाचला. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, स्वल्पविराम जागच्या जागी. बाबा म्हणाले ते खरंच होतं, चूक एकही नव्हती. खाली त्यांची मराठी सही होती, आणि मला दुरुस्त करण्यासारखं तिथे काही नव्हतं.